वाडीतले लग्न

(कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ज्यू लोकांना 'बेने इस्राएल' म्हणतात. उर्दूत आपण ज्यूंना यहुदी म्हणतो. या समाजाची घरची भाषा मराठी आहे. १९४८ नंतर त्यांतील बरीच कुटुंबे इस्राएलला गेली. तरी मुंबई, ठाणे व रायगड भागांत हा समाज आजही राहतो. त्यांच्या एका लग्नाची हकिकत या पाठात आहे.)

मी सातवीत होतो. अब्बांच्या एका बेने इस्राएल मित्राच्या मुलीचे लग्न ठरले. लग्न अलिबागजवळ, त्यांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत होते. पत्रिका मराठीत होती. शेवटी लिहिले होते, 'सर्व धर्मांच्या स्नेह्यांनी सहकुटुंब यावे.'

धाकट्या बहिणीने विचारले, "अब्बा, तिथे आपल्याला कोणी परके तर समजणार नाही ना?"

अब्बा म्हणाले, "बेटा, आपल्या ईदला काका कधी चुकले आहेत का?"

लग्न रविवारी होते. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. त्या वेळेत लग्न लागत नाही. पूर्वी या समाजातील अनेक लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणे बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

ऊन कलल्यावर आम्ही वाडीत पोहोचलो. काका पुढे आले आणि म्हणाले, "शालोम!" अब्बांनी "सलाम!" म्हटले. दोन्ही शब्दांचा अर्थ शांती हाच आहे.

अम्मीने पेढ्यांचा मोठा डबा आणला होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि थेट घरात नेऊन ठेवला. अम्मीचा चेहरा उतरला. "आपले काही चुकले का?" असे ती हळूच म्हणाली.

विधीच्या वेळी पुरुष डोके झाकतात. अब्बांनी खिशातून नमाजाची टोपी काढून विचारले, "ही चालेल का?" काका म्हणाले, "चालेल की!"

चार खांबांवर एक सुंदर कापड ताणले होते. त्या छताला 'हुप्पा' म्हणतात. पांढऱ्या साडीतली ताई येऊ लागली, तेव्हा वराने तिच्याकडे पाहत हिब्रू गीत गायले. मग त्याने तिच्या बोटात अंगठी घातली. 'केतुबा' नावाचा लेखी करार वाचून दाखवला गेला. नवऱ्याची पत्नीविषयीची कर्तव्ये त्यात असतात. त्यावर साक्षीदारांच्या सह्या होत्या. मला आपल्या निकाहनाम्याची आठवण झाली. नंतर सात आशीर्वाद म्हटले गेले. वधूवरांनी मनुका भिजवून काढलेल्या रसाचा घोट घेतला. पाहुण्यांनी तो घ्यावा लागत नाही.

अचानक काच फुटल्याचा आवाज झाला. बहीण दचकली. काका म्हणाले, "घाबरू नकोस. जेरुसलेमचे आमचे प्राचीन मंदिर उद्ध्वस्त झाले. आनंदाच्या वेळीही ते दुःख विसरू नये, म्हणून पेला फोडतात." लगेच सगळे "मझल तोव!" म्हणू लागले. आपण 'मुबारक हो' म्हणतो, तसेच ते.

सूर्य मावळला. अब्बांनी घड्याळ पाहिले. ते काही बोलण्याआधीच काकांनी ओटीवर स्वच्छ चटई अंथरली. किब्ला कोणीकडे, हे त्यांना विचारावे लागले नाही. तेही प्रार्थनेच्या वेळी जेरुसलेमकडे, म्हणजे इथून पश्चिमेलाच, तोंड करतात.

जेवणात मटण होते. तेव्हा काकूंनी अम्मीला जवळ बसवून सांगितले, "आमच्यात मांसाबरोबर दुधाचे पदार्थ चालत नाहीत. म्हणून पेढे आत ठेवले. उद्या न्याहारीला सगळे मिळून खाऊ."

अम्मी म्हणाली, "मी आधी विचारायला हवे होते."

"आणि मी आधी सांगायला हवे होते," काकू म्हणाल्या. मग त्यांनी नारळाच्या दुधातला हलवा अम्मीच्या ताटात वाढला.

मुलांनो, अशा लग्नाला गेलात तर एवढे लक्षात ठेवा. वेळेवर जा. अंग झाकणारे साधे, नीटनेटके कपडे घाला. विधीच्या वेळी डोके झाका. वाडीतली जमीन मऊ असते, म्हणून उंच टाचांच्या चपला नकोत. विधी चालू असताना बोलू नका. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. खाऊ नेण्याआधी काय चालते ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता अंदाज बांधला, तर आपलाच माणूस अवघडतो.

गेल्या वर्षी बहिणीचा निकाह ठरला. पत्रिका द्यायला मी काकांकडे निघालो. अम्मीने बजावले, "त्यांना जेवायला काय चालते, ते विचारून ये."

काकांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि आधी वार पाहिला. रविवार होता. ते हसून म्हणाले, "मग आम्ही सगळे येणार!"

शब्दार्थ
स्नेही – मित्र, दोस्त
घाणा – तेल काढण्याचे यंत्र, कोल्हू
उद्ध्वस्त होणे – नष्ट होणे, तबाह होणे
ओटी – घराच्या पुढच्या भागातील बसण्याची जागा

स्वाध्याय
१. लग्न शनिवारी का ठेवले नव्हते?
२. काकूंनी पेढे घरात का ठेवले?
३. केतुबा व निकाहनामा यांत कोणते साम्य आहे?
४. 'चेहरा उतरणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
५. तुमच्या घरी दुसऱ्या धर्माचे पाहुणे येणार आहेत. त्यांना आधी काय सांगाल व काय विचाराल? पाच-सहा वाक्ये लिहा.