दहावीचं गुणपत्रक: आपणच वाचायला शिकूया

(ग्रामसंघाच्या आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी. वही-पेन जवळ ठेवा, मधे थोडी बेरीज आहे.)

मैत्रिणींनो,

गटाचं पासबुक आपण बोट ठेवून वाचतो. बचत किती जमली, व्याज किती लागलं, कुणाचा हप्ता राहिला, सगळं आपल्याला समजतं. बँकेनं पाच रुपये जास्त कापले तरी आपण विचारायला जातो. पण वर्षातून एकदा घरात एक कागद येतो, आणि तो मात्र आपण दुसऱ्याकडून वाचून घेतो. तो म्हणजे पोरीचं दहावीचं गुणपत्रक. "पास का नापास?" एवढंच विचारतो, आणि त्या एका शब्दावर तिच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय घेऊन मोकळे होतो.

म्हणून या महिन्याचा पाठ गुणपत्रकाचा. दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहे, ते नुसतं फळ्यावर लिहायला नाही.

एका बैठकीत घडलेली गोष्ट

इंदापूर तालुक्यातल्या एका गटात जून महिन्यात एका ताईंनी कर्जाची मागणी ठेवली. कारण लिहिलं होतं, "मुलीचं लग्न." मुलगी नुकतीच दहावीला बसली होती. ताई म्हणाल्या, "गणितात गेली. आता घरी बसवून काय करू? तिच्या मागं धाकटी हाय. स्थळ चांगलं आलंय, परत यायचं न्हाई."

कुणी काही बोललं नाही. अशा वेळी बोलणं अवघड असतं, दुसऱ्याच्या घरचा प्रश्न असतो. मग गटाच्या सचिव म्हणाल्या, "वहिनी, गुणपत्रक आणलंय का? बघू तरी."

गुणपत्रकात बाकी सगळं सुटलं होतं. विज्ञानात ४६ होते. गणितात १७. शाळेत जाऊन विचारल्यावर कळलं की त्या १७ मध्ये शाळेकडचे गुण फक्त ६ होते, २० पैकी. कांद्याच्या लागणीत पोरगी पंधरा दिवस रानात होती, त्यात एक चाचणी चुकली आणि गृहपाठाची वही अर्धीच राहिली.

सचिवांनी हिशोब करून सांगितलं, "हिला आणखी आठ गुण पाहिजेत. फक्त आठ." ताईंना आधी खरंच वाटेना. त्यांना वाटत होतं, गणितात गेली म्हणजे सगळं वर्ष गेलं, अभ्यास तिच्या डोक्यात शिरतच नाही.

आठ गुण कसे, ते आता आपण शिकू.

८० आणि २० चा हिशोब

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषय १०० गुणांचा. त्यातले ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेकडचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे. भाषेला तोंडी परीक्षा असते, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला गृहपाठ आणि चाचणी. यांशिवाय काही विषयांना गुण नसतात, श्रेणी मिळते. तेही पूर्ण करावेच लागतात.

हे २० गुण का महत्त्वाचे, त्याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे शाळेकडचे गुण बंद केले होते. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी हे गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता, तरी मुख्य फरक आपल्या लक्षात येईल.

२०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही. तेव्हा गुण कसे दिले? नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीत वर्षभर झालेल्या लेखी चाचण्यांना ३०, आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांना २०. ज्या पोरीनं नववीपासून वही नीट ठेवली, तिला त्या वर्षी तीच वही कामी आली.

यातून आपण आयांनी काय घ्यायचं? पोरीला काय येतं, हे फक्त मार्चमधल्या तीन तासांत ठरत नाही. ते जूनपासून ठरत असतं. तिला लागणीला, खुरपायला, लग्नाच्या आवतणाला घरी ठेवतो, तेव्हा एक दिवसाची मजुरी वाचते खरी. पण चाचणी त्याच दिवशी असली तर ती परत होईलच असं नाही. शिवाय परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हेही लक्षात ठेवा.

पास व्हायला किती लागतात?

सगळ्यांना वाटतं, प्रत्येक विषयात ३५ पाहिजेतच. पूर्ण खरं नाही. गटांचा हिशोब आहे, आपल्या बचत गटासारखाच. एकीचं कमी पडलं तर दुसरी सावरून घेते, पण प्रत्येकीनं थोडं तरी भरलंच पाहिजे.

भाषांचा गट: तीन भाषा मिळून १०५ गुण पाहिजेत आणि प्रत्येक भाषेत कमीत कमी २५.

गणित-विज्ञानाचा गट: दोन्ही मिळून ७० गुण पाहिजेत आणि प्रत्येकात कमीत कमी २५.

सामाजिक शास्त्रे: एकटाच विषय, ३५ पाहिजेत.

आता वहीत लिहा. समजा एका मुलीचे गुण असे आहेत:

मराठी ५२, हिंदी ४१, इंग्रजी २९
गणित २७, विज्ञान ४४
सामाजिक शास्त्रे ४८

इंग्रजीत ३५ नाहीत. मग नापास का? भाषांची बेरीज करा: ५२ + ४१ + २९ = १२२. म्हणजे १०५ च्या वर, आणि २५ च्या खाली एकही नाही. भाषा सुटल्या. गणित आणि विज्ञान: २७ + ४४ = ७१. तेही सुटलं. सामाजिक शास्त्रात ४८. मुलगी पास.

टक्केवारी काढताना सहापैकी चांगले पाच विषय धरतात. सगळ्यात कमी गणिताचे २७ सोडले तर पाच विषयांचे २१४ होतात, ५०० पैकी. म्हणजे ४२.८ टक्के.

आता याच मुलीला गणितात २७ ऐवजी २२ आणि विज्ञानात ५५ मिळाले असते तर? बेरीज ७७ होते, ७० च्या वर. तरी ती अडकली असती, कारण गणितात २५ नाहीत. हा फरक नीट समजून घ्या.

परत त्या ताईंच्या मुलीकडे येऊ. गणित १७, विज्ञान ४६. गणितात २५ झाले असते तर बेरीज ७१, म्हणजे पास. १७ आणि २५ मधलं अंतर आठ गुण. सचिवांनी तेच सांगितलं होतं.

राहिली तर पुढे काय?

एक, फेरपरीक्षा. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा त्याच वर्षी होते, जून-जुलैच्या सुमारास. आपल्याकडे पालखी येते साधारण त्या दिवसांत. सुटलेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, राहिलेलेच द्यायचे. फॉर्म शाळेतूनच भरायचा. निकालानंतर मुदत फार थोडी असते, म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत जा. रडायला आठवडा घालवू नका.

दोन, एटीकेटी. एक किंवा दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश घेता येतो. राहिलेले विषय मात्र सोडवावे लागतात.

तीन, गुणपडताळणी. गुण फारच कमी वाटत असतील तर गुणांची पडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. त्यालाही फी आणि मुदत असते.

आणि गुणपत्रकावर हल्ली "नापास" असा शिक्का नसतो. आपणही तो शब्द घरात वापरायचा बंद करू. एक विषय राहिला, एवढंच म्हणू.

लग्नाच्या कर्जाचं काय झालं?

त्या बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. एका काकूंनी विचारलं, "उद्या पोरगी परत राहिली तर? आणि गावातून फाट्यापर्यंतचा रस्ता मोकळा, पोरीला एकटीला कशी धाडायची?" हा प्रश्न खोटा नाही. बऱ्याच आयांच्या मनात तीच भीती असते, शिकवायला नको म्हणून नाही. मग ठरलं की गावातल्या चार मुली एकत्र जातील. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो काढायचा.

दुसरी गोष्ट सचिवांनी शांतपणे सांगितली. मुलगी सोळा वर्षांची आहे. अठराच्या आत लग्न लावणं हा कायद्यानं गुन्हा आहे. आई-वडील, लग्न जुळवणारे, लावणारे सगळे त्यात येतात. आणि गटानं त्यासाठी पैसे दिले तर आपण कुठल्या तोंडानं बैठक घ्यायची? अशा वेळी गावात ग्रामसेवक आणि अंगणवाडी ताईंशी बोलता येतं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

कर्ज मंजूर झालं, पण कारण बदलून: फेरपरीक्षेची फी, पुस्तकं आणि महिनाभराची शिकवणी. रक्कम लग्नाच्या मानानं कितीतरी लहान. पोरगी रोज संध्याकाळी गावातल्या एका शिक्षिकेकडे बसली. फेरपरीक्षेत गणितात २९ मिळाले. विज्ञानाचे ४६ होतेच. बेरीज ७५. आता ती अकरावीला एसटीनं बारामतीला जाते. स्थळ गेलं. ताई म्हणतात, "गेलं तर गेलं."

आता आपला नंबर

आपल्यातल्या कितीजणी सातवी-आठवीतून घरी बसल्या? हात वर करा. लाजायचं कारण नाही, त्यात आपला दोष नव्हता. पण आता दरवाजा उघडा आहे.

सतरा नंबरचा फॉर्म: शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. किमान पाचवी पास असावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र करावं लागतं. फॉर्म पावसाळ्यापासून पुढच्या काही महिन्यांत भरतात, जवळच्या हायस्कूलमध्ये तारीख विचारा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय: इथं पाच विषय घेऊन दहावी होते. कमीत कमी एक भाषा घ्यावी लागते. मराठीतून परीक्षा देता येते. पास व्हायला ३३ टक्के लागतात. पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, एकेक विषय करत सोडवता येतो. गणित घेतलंच पाहिजे असंही नाही. पण पुढे आयटीआयला किंवा डिप्लोमाला जायचं असेल तर गणित-विज्ञान सोडू नका.

याचा उपयोग काय? आशाताईसाठी दहावी बघतात. अंगणवाडी सेविकेसाठी आणि आता मदतनीसासाठीही बारावी लागते. आणि ज्यांचा जन्म १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर झाला, त्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला सातवी पास असावं लागतं. म्हणजे बायकांसाठी राखीव जागा आली तरी दाखला नसेल तर आपल्यातली तरणी बाई उभी राहू शकत नाही. मग कुणाची तरी सून, कुणाची तरी भावजय शोधली जाते.

२०२५ च्या दहावीत राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के लागला, मुलांचा ९२.३१. परीक्षेला बसलेली पोरगी मागे पडत नाही. मागे पडते ती परीक्षेपर्यंत न पोहोचलेली. तिला तिथपर्यंत पोहोचवणं हे आपलं काम.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात यंदा दहावीला कुणाच्या मुली-मुलगे आहेत? नावांची यादी इतिवृत्ताच्या वहीत लिहा.
२. मागच्या महिन्यात त्यातलं कोण किती दिवस शाळेत गेलं नाही, आणि का?
३. एका मुलीचे गुण असे आहेत: मराठी ४५, हिंदी ३६, इंग्रजी २६, गणित २५, विज्ञान ४३, सामाजिक शास्त्रे ३८. पास की राहिली? कुठल्या विषयात आणि किती गुणांनी? (उत्तर शेवटी आहे, आधी स्वतः करा.)
४. गटातल्या कुणाला बाहेरून दहावीला बसायचं आहे?

ठराव घेता येईल असा: "अठरा वर्षांखालील मुलीच्या लग्नासाठी आमचा गट कर्ज देणार नाही. परीक्षेची फी, पुस्तकं आणि फेरपरीक्षा यांसाठीच्या मागणीला आधी प्राधान्य देईल." पटला तर सगळ्यांच्या सह्या घ्या. पटला नाही तर का पटला नाही, तेही इतिवृत्तात लिहा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.

जाता जाता एक सांगते. दहावीच्या गुणपत्रकावर मुलीच्या नावाबरोबर आईचं नावही छापलेलं असतं. नाव बरोबर लिहिलंय का, शाळेत फॉर्म भरतानाच बघून घ्या. पुढे प्रत्येक कागदाला ते लागतं. आणि ते वाचता येत नसेल, तर या वर्षी वाचायला शिकून घ्या.

(प्रश्न ३ चं उत्तर: भाषांची बेरीज १०७, प्रत्येकात २५ च्या वर, सुटल्या. सामाजिक शास्त्रे सुटलं. गणितात २५ आहेत, पण गणित आणि विज्ञान मिळून ६८ होतात, ७० ला दोन गुण कमी. म्हणजे तो गट राहिला. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा!)