फळ्यावर आधी ‘मोटर’ लिही

तुझी ऑर्डर आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. मराठी माध्यमाचं हायस्कूल, आठवी ते दहावीचं इंग्रजी, एकेका वर्गात साठ पोरं आणि शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं. ‘मावशी, चौतीस वर्षं तू हेच केलंस, काहीतरी सांग की,’ म्हणालीस. सांगते. बी.एड.च्या नोट्समध्ये यातलं फारसं सापडायचं नाही.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नकोस. पोरांना विचार, तुमच्या घरात, रानात, एसटी स्टँडवर कोणकोणते इंग्रजी शब्द ऐकता? दोन मिनिटं कोणी तोंड उघडणार नाही. मग फळ्यावर तूच लिही : मोटर. बस, तेवढं पुरतं. स्टार्टर, फ्यूज, डीपी, व्हॉल्व्ह, ड्रिप, ट्रॉली, रोटाव्हेटर... मागच्या बाकांवरची, इंग्रजीत कधी दहाच्या वर न गेलेली पोरं सगळ्यात पुढं असतात. रात्री बाराला लाइट आली की बापाबरोबर मोटर चालू करायला तीच जातात ना. (आणि मुलींना मुद्दाम स्वयंपाकघरातले शब्द विचारू नकोस. मी विचारले होते. ‘बाई, आमच्यातबी मोटर मीच चालू करते,’ असं एकीनं सुनावलं.) एका वर्षी फळा भरला आणि उरलेले शब्द मला पुढच्या फरशीवर खडूनं लिहावे लागले. मोजले तेव्हा दीडशेच्या पुढं भरले.

दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांची वाक्यं. ‘द मोटर इज ऑफ.’ ‘स्टार्ट द मोटर.’ ‘व्हेअर इज द फ्यूज?’ नाम पोरांकडे आहे, क्रियापद तू द्यायचं. आपल्याला इंग्रजी येत नाही हे पाचवीपासून पाठ झालेल्या पोराला आपल्याकडे दीडशे शब्द आधीच आहेत हे कळलं की त्याच्या बसण्यात फरक पडतो.

व्याकरणाचा नियम सांगायच्या आधी त्यांची मराठी त्यांना दाखव. फळ्यावर लिही : मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी बोर खाल्लं, मी पेरू खाल्ले, मी जांभळं खाल्ली. खाणारा तोच, पण खाल्लेल्या फळागणिक क्रियापद कपडे बदलतं. मग शेजारी इंग्रजी लिही. ‘एट, एट, एट.’ आंबा असो की चिंच, इंग्रजी क्रियापद जागचं हलत नाही. वर्ग हसतो. त्यांना म्हण, हे खाल्ला-खाल्ली तुम्हाला कोणी शिकवलं? शाळेत यायच्या आधी येत होतं. एवढी अवघड भाषा ज्याला येते त्याला ‘ही गोज’मधला एक एस लावता येणार नाही होय? तो एस पुढं वर्षभर विसरतातच, मी काही जादू सांगत नाही. पण विसरल्यावर घाबरत नाहीत, ‘चिंच, चिंच’ म्हटलं की आपलं आपण दुरुस्त करतात. आमच्या वर्गात तो परवलीचा शब्दच झाला होता.

उच्चारांसाठी फार जीव काढू नकोस. एकच सांगते, आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज बुडतात. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. डब्ल्यूसाठी चुलीपुढं फुंकणी धरतो तसे ओठ गोल. फुंकणी न पाहिलेली पोरंही आता वर्गात येतात, त्यांना शिट्टी सांग.

आता मराठीचं. माझ्या दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की इंग्रजीच्या तासाला मराठी बोलेल त्याला एक रुपया दंड. मीही उत्साही, डबा ठेवला. पहिल्या दिवशी सात रुपये जमले. नंतर एकही नाही. मला वाटलं, वा! मग लक्षात आलं की वर्गात कोणी बोलतच नाहीये. प्रश्न नाही, शंका नाही, ‘बाई, पाणी पिऊन येऊ का’ पण नाही. महिन्याभरानं डबा गुपचूप घरी नेला आणि त्यात मोहरी भरली. तुलाही कोणीतरी असलं सुचवेल. मान डोलाव आणि करू नकोस. अवघड कल्पना मराठीत एका वाक्यात सांग आणि वाचलेली दहा मिनिटं पोरांना इंग्रजी बोलायला दे. दहावीच्या पेपरातसुद्धा इंग्रजीतून आपल्या माध्यमात भाषांतर करायला विचारतात, मग वर्गात मराठीला चोरासारखं का वागवायचं? आपल्या आजोबांच्या पिढीनं तर सगळं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरच उभं केलं होतं.

पण मराठीचा हा टेकू सगळ्यांच्या कामाचा नाही, हे मला मेळघाटात दोन वर्षं काढली तेव्हा कळलं. तिथल्या पोरांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. मी ‘एट’ समजवायला ‘खाल्ला’ सांगत होते आणि त्यांना ‘खाल्ला’च परका होता. तुझ्या वर्गात पावरी, गोरमाटी, भिली बोलणारी पोरं असतील तर पहिल्याच आठवड्यात माहिती करून घे. त्यांच्यासाठी चित्र काढ, करून दाखव, वस्तू हातात दे. आणि त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतले शब्द शिक, सगळ्यांसमोर, चुकत. बाईंचा उच्चार ऐकून पोरं पोट धरून हसतात. मग स्वतः चुकायला ती तेवढी लाजत नाहीत.

वाचनाच्या तासाला एक सवय मोड. पहिल्या बाकापासून एकेकानं उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा, ही पद्धत. एकदा मागं उभी राहून बघ. पाचव्या बाकावरचं पोर बोटानं परिच्छेद मोजत असतं, आपल्या वाट्याला कोणता येणार ते. तो सापडला की तेवढाच मनातल्या मनात घोकतं. बाकीचा धडा त्याच्या कानावरही पडत नाही. वाचून झालं की खाली बसतं आणि खिडकीबाहेर बघतं. त्यापेक्षा आधी तू वाच, त्यांची बोटं ओळीखाली फिरू देत. मग बाकावरच्या जोडीनं एकमेकांना हळू आवाजात वाचून दाखवायचं. साठ पोरं एकदम वाचायला लागली की बाजार भरल्यासारखा आवाज होतो, म्हणून मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गातल्या सरांना आदल्या दिवशी सांगून ठेव. पस्तीस मिनिटांच्या तासात साठांपैकी सहा पोरांनी तोंड उघडणं आणि साठांनी उघडणं यात केवढा फरक आहे, हिशेब तूच कर.

वह्या साठ असतात. सगळ्या चुका लाल करायला गेलीस तर रात्री दोन वाजतील आणि पोरं त्या लाल रंगाकडे बघायचीही नाहीत. आठवड्याला एकच चूक धर. या आठवड्यात फक्त भूतकाळ. बाकी सगळं दिसलं तरी सोडून दे. हे जमायला मला दहा वर्षं लागली, हात शिवशिवतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी पोरं असतील तर ती वर्गातून जातील आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उगवतील. आल्या आल्या ‘इतके दिवस कुठं होतास’ हे विचारायचं नाही, तुला माहीत असतं कुठं होता ते. जायच्या आधी त्याचा एक वहीमित्र ठरवून दे आणि बापाच्या मोबाइलवर आठवड्याला एक मिनिटभर तुझा आवाज पाठव. एक गोष्ट, चार वाक्यं. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, रात्री सगळं घर ऐकतं. एका पोराची आई परत आल्यावर मला ‘गुड इव्हनिंग’ म्हणाली होती, भर दुपारी.

एक कबुलीही देते. दहावीच्या शंभरांतले वीस मार्क शाळेच्या हातात असतात, त्यात तोंडी परीक्षा येते. मी कित्येक वर्षं ती घेतलीच नाही. सगळ्यांना अठरा, दोघा-तिघांना एकोणीस. सगळेच देतात, आपल्या पोरांचं नुकसान कशाला, असा विचार. नुकसान त्यातच होतं. ज्या एका कारणानं पोरांना बोलायला लावता आलं असतं, ते कारण मीच गिळून टाकलं होतं. तू मार्क हवे तेवढे दे, पण परीक्षा घे. जुलैपासून रोज दोघांना दोन मिनिटं बोलव, दिवाळीच्या आत साठ होतात.

आता तुझ्याबद्दल. एम.ए.ला हार्डी वाचून मी नोकरीला लागले आणि पहिल्या तपासणीला आलेल्या साहेबांनी इंग्रजीत साधं नाव-गाव विचारलं तर माझी बोबडी वळली. इंग्रजीच्या मास्तरणीला इंग्रजी बोलायची भीती वाटते हे कोणाला सांगायची सोय नसते. ही भीती लपवायला मग आपण मोठमोठ्यानं व्याकरण शिकवतो. सन 2000 मध्ये सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं. ती पोरं 2007 मध्ये माझ्या आठवीत आली तेव्हा मला वाटलं, आता काम हलकं होणार. त्यांना कविता येत होत्या, रंग येत होते, पण स्वतःचं एक वाक्य जुळवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते सहज जुळवता येत नव्हतं.

मला तारलं ते इतर शिक्षकांनी. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, इंग्रजी शिक्षणाची राज्याची संस्था होती. माध्यमिकच्या शिक्षकांसाठी ‘एलिस’ आणि पुढं ‘चेस’ असे कार्यक्रम निघाले, त्यातून तालुक्यातल्या शिक्षकांचे गट बांधले गेले. गटाला टॅग म्हणायचो. मोठ्या सभागृहातलं प्रशिक्षण मी बरंचसं विसरले, जेवण आठवतं. गट मात्र विसरले नाही. महिन्यातून एकदा दहा-बारा जण बसायचो, साहेब कोणी नसायचे, आणि ‘मी हे करून पाहिलं, फसलं’ असं इंग्रजीत सांगायचं. पहिल्या तीन बैठकांत मी फक्त चहा प्यायले. चौथ्या वेळी त्या दंडाच्या डब्याची गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. दोघांनी आपापले डबे कबूल केले.

तुझ्या भागात असा गट चालू असेल तर जा. नसेल तर शेजारच्या दोन शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना फोन कर. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपार मोकळी मिळते. तिघी पुरेत. विज्ञानाच्या बाई चालतील, पण इंग्रजी बोलायच्या अटीवर.

माझी जुनी डिक्शनरी आणि शब्दांच्या सतरा वह्या काढून ठेवल्या आहेत. डिक्शनरीचं एस ते टी बाइंडिंग सुटलंय, दोऱ्यानं बांधलंय. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. तपासायच्या वह्या मात्र घेऊन येऊ नकोस.