तापलेले इंजिन आणि रेडिएटरचे टोपण

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराजवळून वुडवर्ड अॅव्हेन्यू हा रुंद रस्ता जातो. 1995 सालापासून तेथे ऑगस्ट महिन्यात जुन्या मोटारींची मोठी फेरी निघते. गाड्या गोगलगायीच्या गतीने सरकत असतात आणि मधूनच एखादी देखणी गाडी कडेला घेतलेली दिसते. बॉनेट उघडे, आतून वाफ आणि शेजारी हताश मालक! हीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर वेगाने धावताना मात्र तापत नाही. जास्त काम करताना थंड आणि जवळजवळ उभी असताना गरम, हे कसे काय?

या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवायचे, ही त्यांची युक्ती. 1964 सालच्या पाँटिअॅक जीटीओचे इंजिन सुमारे 6.4 लिटरचे होते. आपल्या मारुती 800 चे 796 घन सेंटिमीटरचे. म्हणजे तशी आठ इंजिने एका बॉनेटखाली!

आता थोडे गणित करू. समजा, अशी गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने जाताना एका लिटर पेट्रोलमध्ये 5 किलोमीटर जाते. तासाला 20 लिटर पेट्रोल जळेल. एका लिटरमधून सुमारे 32,000 किलोज्यूल उष्णता मिळते. ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग गाडी चालवतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाभोवतीच्या पाण्यात शिरतो. हा शेवटचा हिस्सा सेकंदाला सुमारे 59 किलोज्यूल भरतो. 30 अंशांवरच्या लिटरभर पाण्याला उकळी आणायला 294 किलोज्यूल लागतात. म्हणजे दर पाच सेकंदांना लिटरभर आधण! ही सारी उष्णता रेडिएटरने हवेला द्यायची असते.

गाडी धावत असताना समोरून वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीत उष्णता पुष्कळ कमी निर्माण होते हे खरे, पण वाराही नाहीसा होतो आणि सारी भिस्त पंख्यावर येते. जुन्या गाडीत पंखा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो, म्हणून इंजिन मंद तर पंखाही मंद. पंख्याभोवती एक घेरदार आवरण असते. ते नसेल तर पंखा कडेचीच हवा घुसळत बसतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून हवा ओढलीच जात नाही. गाडी नव्याने सजवताना हे ‘बिनकामाचे’ आवरण काढून टाकणारे महाभाग आहेत! ठिणगी उशिरा पडत असेल तरी इंजिन तापते, कारण ज्वलन लांबते आणि जादा उष्णता धुराच्या वाटेभोवतीच्या पाण्यात उतरते.

याउलट गाडी वेगात असतानाच तापत असेल तर दोष बहुधा पाण्याच्या बाजूला असतो. नळ्यांत क्षार साचलेले असतात, किंवा पंपाच्या ओढीने खालची रबरी नळी चपटी होते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘पाणी फार वेगाने फिरले तर रेडिएटरमध्ये त्याला निवायला वेळच मिळत नाही’, असे चांगले मेकॅनिकही सांगतात. एका फेरीत ते कमी निवते, हे कबूल. पण फेऱ्याही वाढतात ना! शिवाय कमी निवल्यामुळे रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम राहतो, हवा व रेडिएटर यांच्या तापमानांतील सरासरी फरक वाढतो आणि उष्णता अधिकच बाहेर पडते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच. तो अडकला असेल तर बदलावा. पण चांगला थर्मोस्टॅट गरम पाण्यात आपोआप उघडतोच. तो काढल्याने थंड इंजिन तापायला मात्र उशीर लागतो.

आता टोपण. ते नुसते झाकण नव्हे. त्यातील स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण इतका वाढू देते. एकूण दोन वातावरण दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंश असतो. म्हणून 115 अंशांचे पाणी आत शांत राहते.

टोपण उघडले की दाब एकदम उतरतो. समजा, आत 15 लिटर पाणी आहे. ते 100 अंशांवर येताना प्रत्येक किलोग्रॅम सुमारे 63 किलोज्यूल सोडते. एक किलोग्रॅम वाफ करायला 2,257 किलोज्यूल लागतात. म्हणजे जवळजवळ 3 टक्के पाण्याची तत्काळ वाफ होते. वजन जेमतेम 0.4 किलोग्रॅम, पण आकारमान सुमारे 700 लिटर! तीन पिंपे भरून उरतील एवढी वाफ, आणि तिच्याबरोबर उसळणारे उकळते पाणी.

मी शाळेत असताना काकांची जीप आंबेनळी घाटात अशीच तापली होती. ड्रायव्हरने घाईने टोपणावर हात टाकला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि महिनाभर त्याला जेवण दुसऱ्याने भरवावे लागले. पुढे काकांनी जीपमध्ये पाण्याच्या कॅनबरोबर एक गोणपाट आणि घड्याळ ठेवले. इंजिन बंद करून आधी अर्धा तास थांबायचे, वरची रबरी नळी हाताला सोसते का ते पाहायचे आणि मगच गोणपाट टाकून टोपण हळूहळू फिरवायचे.