हिऱ्याचे पैलू

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर घरोघर नथ व कुड्या असतात. त्यांतील मोती शिंपल्यांतून निघतो तो तेज घेऊनच. हिऱ्याचें तसें नाहीं. खाणींतून निघालेला हिरा पाहून कोणी त्यास तुरटीचा खडा म्हणावें, इतका तो निस्तेज असतो. त्याचें तेज पैलूंनीं प्रकट होतें. तें कसें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. कांचेचा पेला पाण्यानें भरून डोळ्यांहून थोडा उंच धरावा, आणि बाजूनें पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून वर पाहावें. तो चांदीच्या आरशासारखा चमकेल. पाण्यांतून फार तिरपा येणारा प्रकाश बाहेर न पडतां पुन्हां आंत वळतो. यासच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाण्यांत त्यास लंबाशीं सुमारें ४९ अंशांहून मोठा कोन लागतो. हिऱ्यांत सुमारें साडेचोवीस अंशांपुढेंच तें घडतें.

म्हणून हिऱ्याच्या तळाचे पैलू योग्य कोनांत पाडले, तर वरून शिरलेला प्रकाश तळाशीं दोनदां वळून पाहणाऱ्याकडे परततो, आणि बाहेर पडतांना त्याचे रंग फांकतात. तळ फार उथळ किंवा फार खोल झाला, तर प्रकाश खालींच निसटतो व हिरा मंद दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनीं १९१९ सालीं गणितानें हा तळाचा कोन ४०.७५ अंश ठरविला.

परंतु पैलू पाडतांना वजन घटतें, आणि हिरा तर कॅरटांत तोलला जातो. पांच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. या ओढाताणीचें उदाहरण म्हणजे नाशिकचा हिरा. पूर्वीं त्र्यंबकेश्वराच्या देवालयांत असलेला हा हिरा पेशवाई बुडाली तेव्हां, १८१८ सालीं, कंपनी सरकारच्या हातीं पडला. त्या वेळीं तो सुमारें ९० कॅरटांचा होता. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीनें त्यास नवे पैलू पाडले, त्यांत सुमारें दहा कॅरट गेले. १९४० सालीं हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्यानें तो विकत घेऊन पुन्हां घडविला, उरले ४३.३८ कॅरट. अर्ध्याहून अधिक हिरा भुकटी झाला, परंतु जें उरलें तें निर्दोष ठरलें.

रंग व निर्मळपणा ही निसर्गाची देणगी. घडण मात्र कारागिराची. कांहीं खड्यांचें वजन तळाशीं दडलेलें असतें. त्याचा पैसा द्यावा लागतो, तेज मात्र मिळत नाहीं. म्हणून पालकांस आम्ही सुचवितों कीं, खरेदीच्या वेळीं तराजूचा कांटा पाहावाच. पण खडा उजेडांत फिरवूनही पाहावा.