मुलाला पाच दिवस केंद्रात ठेवायचं, तर खर्च किती?

कारंजा (घाडगे) परिसरात संत्र्याचा तोडा आणि कापसाची वेचणी एकाच वेळी अंगावर येतात. त्यातच आईचं ऑपरेशन निघालं, तर ऑटिझम असलेल्या मुलाला सांभाळायचं कुणी? अशा वेळी चार-आठ दिवस सांभाळणारं केंद्र, म्हणजे रेस्पाइट केंद्र, शोधलं जातं आणि फोनवर पहिला प्रश्न विचारला जातो, "दिवसाचे किती घेता?" नुसत्या त्या उत्तरावर हिशेब मांडू नका.

समजा, केंद्र नागपुरात आहे आणि दर दिवसाला १,००० रुपये. (आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरलेले, खरे दर केंद्रागणिक बदलतात.) पाच दिवसांचे झाले ५,०००. मूल रात्री उठून फिरतं, म्हणून वेगळा मदतनीस लावला. त्याचे दिवसाला ५०० धरले तर २,५००. आधी एक रात्र ठेवून पाहिलं, त्याचे १,०००. त्या चाचणीला, मग सोडायला, मग आणायला अशा गाडीच्या तीन फेऱ्या, जाऊन-येऊन ३,००० प्रमाणे ९,०००. बेरीज १७,५००, आणि त्यात निम्म्याहून जास्त पैसा रस्त्यावरच गेला. एसटीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत असते. अपंगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर साथीदारालाही ५० टक्के. पण गर्दी आणि हॉर्न सहन न होणाऱ्या मुलाला नागपूरपर्यंतचे सुमारे ७५-८० किलोमीटर बसनं न्यायचं का, हे त्याच्या आईलाच ठरवू द्या.

पैसे वाचवायला म्हणून चाचणीची रात्र मात्र गाळू नका. अनोळखी जागी या मुलांची झोप आणि जेवण दोन्ही बिघडतं. तिसऱ्या दिवशी "घेऊन जा" असा फोन आला, तर केंद्राचे पैसे जातात आणि ऑपरेशनची तारीखही.

दर विचारताना त्यात काय धरलंय ते लेखी मागा. रात्री किती मुलांमागे किती माणसं? डायपर, औषधं, डॉक्टरला बोलावणं वेगळं का? मूल ठरावीकच पदार्थ खात असेल तर ते कोण करणार? अनामत किती, आणि लवकर नेलं तर परत किती? शिवाय दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे अशा संस्थेला नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवायला कां-कूं करणाऱ्या ठिकाणी स्वस्तातही ठेवू नये. ऑटिझमसारख्या अपंगत्वांसाठीच्या सरकारी राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ-सह-घरौंदा' योजनेत केंद्र आहे का, तेही विचारा. ती योजना अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा विचार करून आखलेली आहे.

अमरावती जिल्ह्यातलं वझ्झरचं शंकरबाबा पापळकरांचं बालगृह विदर्भात बहुतेकांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते बालगृह बेवारस दिव्यांग मुलांसाठी आहे, घरदार असलेल्या मुलाला आठवडाभर ठेवण्याची ती जागा नव्हे.

आता परत काय मिळतं ते. सगळ्याच्या आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा. न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याचं नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखाली २५०, इतरांना ५०० रुपये. नूतनीकरण अनुक्रमे ५० आणि २५०. संरक्षण १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. केंद्रातल्या मुक्कामाचा बसत नाही. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. अर्ज तहसील कार्यालयात. जुनी करप्रणाली घेणाऱ्या पालकाला करपात्र उत्पन्नातून ७५,००० ची, अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० ची वजावट आहे. नगरपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यासाठी एकट्यानं अर्ज करण्यापेक्षा चार पालकांनी मिळून केला तर जास्त लक्ष दिलं जातं, असं मला वाटतं.

चार पालकांचा मुद्दा इथेच संपत नाही. डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' अमेय पालक संघटनेनं, म्हणजे मतिमंद मुलांच्या पालकांनीच उभं केलं; ते कायम निवासाचं आहे. दिल्लीत मेरी बरुआंनी आपल्या मुलाच्या निमित्तानं १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. कारंज्यात लगेच इमारत बांधायची गरज नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक समजूतदार बाई ठरवावी आणि रविवारी चार तास एका घरी मुलं सांभाळावीत. सुरुवातीचे काही रविवार ती नुसती आईजवळ बसून शिकेल. त्या दिवसांचेही पूर्ण पैसे द्या, तो खर्च वाया जात नाही. वेचणीच्या हंगामात मजुरी चढते आणि माणूस मिळत नाही, म्हणून बोलणी पावसाळ्यातच करून ठेवा.

मूल अठरा वर्षांचं होत आलं असेल, तर कायदेशीर पालकत्वाच्या अर्जाची तयारीही आत्ताच करा; तो अठरा पूर्ण झाल्यावर करायचा असतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे तो जातो, आणि प्रौढ मुलाला दाखल करताना केंद्र पालकत्वाचा कागद मागू शकतं.