दोन ध्रुव, दोन तऱ्हा

मुलांनो, होकायंत्राची सूची नेहमी उत्तर-दक्षिण उभी राहते, हे तुम्ही पाहिलेच असेल. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे, म्हणून असे घडते. या चुंबकाचे दोन्ही ध्रुव एकमेकांच्या अगदी समोरासमोर असतील, असे कोणासही वाटेल. परंतु सृष्टी आपल्या अंदाजाने चालत नाही. तिच्या दारी जाऊनच तिला विचारावे लागते.

जेम्स क्लार्क रॉस या दर्यावर्दीने १८३१ साली कॅनडाच्या उत्तरेस उत्तर चुंबकीय ध्रुव गाठला. तेथे चुंबकसूची जवळजवळ सरळ जमिनीकडे वळली. दक्षिणेकडील चुंबकीय ध्रुवावरही आपणच निशाण रोवावे, अशी त्याची आकांक्षा होती. त्यासाठी १८४१ साली तो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापर्यंत गेला. पण हिमाच्छादित पर्वत आडवे आले आणि त्यास विन्मुख परतावे लागले.

पुढे ऑक्टोबर १९०८ मध्ये एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि ॲलिस्टर मॅके हे तिघे त्याच ध्रुवाच्या शोधार्थ निघाले. डेव्हिड हे पन्नाशीचे प्राध्यापक होते. बरोबर ना कुत्री, ना घोडे! सामानाने लादलेल्या घसरगाड्या त्यांनी स्वतःच ओढल्या. अन्न संपू लागले, तेव्हा सील आणि पेंग्विन यांच्या मांसावर त्यांनी गुजराण केली. अखेर १६ जानेवारी १९०९ रोजी, त्यांच्या मोजणीप्रमाणे, ते ध्रुवावर पोहोचले. परतताना जहाज दृष्टीस पडताच तिघे आनंदाने धावत सुटले आणि मॉसन एका खोल हिमभेगेत कोसळला! खलाशांनी त्यास दोराने वर काढले. जाऊन येऊन सुमारे २,००० किलोमीटरची ती पायपीट होती.

आता एक नवल ऐका. त्यांनी गाठलेला तो ध्रुव आज तेथे नाही! दोन्ही चुंबकीय ध्रुव सतत सरकत असतात. उत्तरेचा आज भौगोलिक ध्रुवापासून काहीशे किलोमीटरवर आहे. दक्षिणेचा मात्र अडीच हजार किलोमीटरांहूनही दूर, अंटार्क्टिकाबाहेरील समुद्रात आहे. म्हणजे ते समोरासमोर नाहीतच. याचे कारण पृथ्वीच्या पोटात आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खाली वितळलेले लोखंड वाहत असते. त्या प्रवाहांमुळे चुंबकत्व निर्माण होते. आणि ते प्रवाह सर्वत्र सारखे नाहीत.

हा भेद आकाशातही उमटतो. सूर्याकडून येणारे विद्युत्‌भारित कण चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने ध्रुवांकडे वळतात आणि शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवरील विरळ हवेवर आदळून रंगीत ध्रुवीय प्रकाश उजळवितात. दोन्हीकडील प्रकाश एकमेकांची प्रतिबिंबे असावीत, असा समज होता. परंतु २००९ साली नॉर्वेच्या संशोधकांनी दाखवून दिले, की एकाच वेळी उत्तरेकडील तेजस्वी ठिपके पहाटेच्या बाजूस, तर दक्षिणेकडील सायंकाळच्या बाजूस होते. दक्षिण अटलांटिक महासागर व ब्राझील यांवर तर चुंबकीय क्षेत्र इतके दुबळे आहे, की तेथून जाताना हबल दुर्बिणीचे निरीक्षण थांबवावे लागते.

दक्षिण गोलार्धात जमीन थोडी आणि समुद्र अफाट. त्यामुळे वेधशाळाही थोड्या. म्हणून तेथील प्रत्येक नोंद मोलाची ठरते. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधकही अंटार्क्टिकावरील मैत्री केंद्रात अशी मोजमापे घेतात. एका गोलार्धात जे आढळले, तेच दुसऱ्यात असेल, असे गृहीत धरणे सोपे असते. पण सत्य हवे असेल, तर पाऊल उचलून तेथे जावे लागते. त्या तिघांनी तेच केले.

स्वाध्याय
१. रॉसची कोणती आकांक्षा अपुरी राहिली? का?
२. दोन्ही चुंबकीय ध्रुव समोरासमोर का नाहीत?
३. वाक्यात उपयोग करा : विन्मुख परतणे, गुजराण करणे, गृहीत धरणे.