एका संगणकात अनेक संगणक

'क्लाऊड' म्हणजे ढग. पण क्लाऊडमध्ये ठेवलेले छायाचित्र काही आकाशात तरंगत नसते! ते कुठल्या तरी इमारतीत अहोरात्र चालणाऱ्या संगणकांच्या डिस्कवर असते. मग साध्या संगणकसमूहात आणि क्लाऊडमध्ये फरक कोणता?

फरक वाटणीत आहे. समजा, एका संगणकाची स्मृती ३२ गिगाबाइट आहे. त्यातील ८ त्याच्या स्वतःच्या कामासाठी राखली, तर उरलेल्या २४ मध्ये प्रत्येकी ४ गिगाबाइटची ६ 'आभासी यंत्रे' बसतात. वापरणाऱ्याला प्रत्येक यंत्र स्वतंत्र संगणकच भासते. काम संपले की यंत्र पुसावे. जागा दुसऱ्याला मोकळी होते. अनेक संगणक जोडून मागणीप्रमाणे अशी वाटणी करणारी व्यवस्था म्हणजे क्लाऊड.

वाटणीची आज्ञावली पुष्कळ कंपन्या गुप्त ठेवतात. ओपनस्टॅकची मात्र कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी. नासा ही अमेरिकन अंतराळसंस्था आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी जुलै २०१० मध्ये हा प्रकल्प सुरू केला. जिनिव्हाजवळील सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा २०१३ पासून तो वापरू लागली.

ओपनस्टॅकमध्ये कामे वाटलेली आहेत. कीस्टोन वापरणाऱ्याची ओळख पटवतो. ग्लान्स यंत्राचा साचा पुरवतो. न्यूट्रॉन (अणुकेंद्रातला नव्हे!) जाळ्याची जोडणी करतो आणि नोव्हा यंत्र सुरू करतो.

करून पाहा

'डेव्हस्टॅक' ही आज्ञामालिका हे सारे विभाग एकाच संगणकावर उभे करते. शिक्षकांच्या मदतीने पुढील कृती करा.

१. संगणकावर उबंटू प्रणालीचे एक आभासी यंत्र तयार करा. त्याला निदान ८ गिगाबाइट स्मृती द्या.
२. त्यात 'स्टॅक' नावाचे खाते उघडून डेव्हस्टॅक उतरवून घ्या.
३. 'लोकल डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये परवलीचे शब्द लिहा.
४. 'स्टॅक डॉट एसएच' चालवा. इंटरनेट मंद असेल तर बराच वेळ लागेल, धीर धरा.
५. ब्राउझरमध्ये 'होरायझन' हा नियंत्रणफलक उघडा आणि एक छोटे यंत्र सुरू करा.

सावधान! डेव्हस्टॅक संगणकाच्या मांडणीत मोठे बदल करते. म्हणून शाळेच्या रोजच्या संगणकावर ते थेट चालवू नका. आभासी यंत्र बिघडले तर पुसून पुन्हा करता येते. शाळेच्या निकालपत्रकांचे तसे नाही.

विचार करा

१. स्मृती ६४ गिगाबाइट, राखीव १६, प्रत्येक यंत्राला ६. तर यंत्रे किती?
२. मूळ संगणकाची वीज गेली, तर त्यातील सर्व यंत्रांचे काय होईल? माहिती वाचवायची असेल, तर तिच्या प्रती कोठे ठेवाव्यात?